न बोलणाऱ्यांचा रकाना

रविवारी सकाळी औषधाच्या दुकानात तिच्या पुढे उभा असलेला माणूस अचानक मागे वळला आणि एक छोटी बाटली पुढे करून म्हणाला, “एवढं झाकण उघडून देता का?” दुकानदार आत कुणाच्या तरी गोळ्या शोधत होता. तिने बाटली घेतली, झाकण दाबून फिरवलं, टक् असा आवाज झाला, आणि बाटली परत देताना तिला त्याचे हात दिसले. उजव्या मनगटापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत राखाडी कडक पट्टा होता. डाव्या हाताला पट्टा नव्हता, पण तो अंगठाही बाकीच्या बोटांपासून वेगळा, भांडण झाल्यासारखा बाहेर राहिला होता. बाटली त्याने चार बोटं आणि तळव्यात धरली. मग तिने वर पाहिलं, त्यानेही पाहिलं, आणि दोघांनी एकमेकांना एकदमच ओळखलं. “अहो, तुम्ही तर आमच्या वेळापत्रकवाल्या मॅडम,” तो म्हणाला. गेल्या तीन वर्षांत तिने त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. कारखान्यात त्याला मौनीबाबा म्हणायचे. “हाताला काय झालं, काका?” तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला तो प्रश्न खोटा वाटला. “अंगठे गेले,” तो म्हणाला. छत्री गेली, चावी गेली म्हणावं तसं. “पाच आठवडे झाले घरी आहे. ऑपरेशन करायचं म्हणतात. तुमचं बरं आहे ना?” तिने मान हलवली. “इथं मागच्याच गल्लीत राहतो, पाण्याच्या टाकीसमोर,” तो म्हणाला, आणि दुकानाची पायरी उतरून, बाटली छातीशी धरून निघून गेला. दुकानदाराने तिला तिसऱ्यांदा विचारलं, “तुम्हाला काय हवं?” तिला डोकेदुखीच्या गोळ्या हव्या होत्या. ते आठवायला तिला थोडा वेळ लागला.

पाच आठवडे. घरी परतताना ती तेवढंच मोजत राहिली. पाच आठवडे तो लाइनवर नव्हता आणि तिला पत्ता नव्हता. म्हणजे पत्ता होता, पण वेगळ्या रूपात. तिच्या यंत्रात माणसांना नावं नव्हती, नंबर होते; पाच आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी पडद्यावर ‘नंबर सतरा गैरहजर, बदली कामगार उपलब्ध’ अशी ओळ आली होती आणि तिने ‘ठीक’ दाबलं होतं. चहाचा कप दुसऱ्या हातात होता, हेसुद्धा तिला आता आठवलं. हे यंत्र तिनेच बनवलं होतं आणि ते बनवताना तिला खरोखर आनंद झाला होता. कारखान्यात फ्रीजची दारं बनत. दार उचलून आकड्याला टांगायचं, स्क्रू मारायचे, कडेने रबराची पट्टी बसवायची, फट राहिली का तपासायचं, पुसायचं, खोक्यात घालायचं. पूर्वी प्रत्येकाचं काम ठरलेलं असे; उचलणाऱ्याची कंबर जायची, स्क्रूवाल्याचं मनगट, आणि रबरवाल्याचा अंगठा, कारण ती पट्टी खाचेत अंगठ्यानेच दाबत न्यावी लागे, चारही बाजूंनी, दिवसाला शेकडो दारं. तिने प्रत्येक कामाला त्रासाचे गुण दिले, खांद्याचे वेगळे, कमरेचे वेगळे, अंगठ्याचे वेगळे. दिवसाच्या चार फेऱ्या केल्या. दर फेरीला माणसाचं काम बदलायचं, आणि असं बदलायचं की संध्याकाळी कुणाच्याही कुठल्याही अवयवाचे शंभराच्या वर गुण भरता कामा नयेत. चोवीस माणसांची अशी मांडणी हाताने करायची म्हणजे जन्म जायचा. यंत्र लाखो वेळापत्रकं करून बघायचं. याला तिथे, तिला इथे, बरं झालं तर ठेव, नाही तर पुन्हा हलव. ते चालू असताना पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरायचा आणि तिला वाटायचं, कुठे तरी एका खांद्यावरचं ओझं आत्ता या क्षणी कमी होतंय. पहिली दोन वर्षं तसं झालंही होतं. लोक तिला ओळखायला लागले होते. ‘वेळापत्रकवाल्या मॅडम’ हे नाव तेव्हाचं.

मग दारांचं नवं मॉडेल आलं आणि रबर जाड झालं. अंगठ्याचे गुण एका फेरीला तीस होते, ते पंचावन्न झाले. तिने यंत्र चालवलं आणि पहिल्यांदाच, दोन सेकंदांत, ते म्हणालं: उत्तर नाही. तिने कागदावर मांडून पाहिलं तर यंत्राचीही गरज नव्हती, तिसरीतल्या पोराला जमावं असं गणित होतं. रबराला एका वेळी आठ माणसं लागत, चार फेऱ्यांच्या मिळून बत्तीस खेपा. माणसं चोवीस, आणि प्रत्येकाला दिवसाला एकच खेप झेपणारी. आठ खेपा उरत होत्या. ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते, हे तिला रागावण्याच्या सोयीसाठीसुद्धा नाकारता येत नव्हतं. त्यांनी रबर दाबायच्या हातचाकांची मागणी तिच्यासमोरच सही करून खरेदी खात्याकडे पाठवली. “पण ती येईपर्यंत उत्तर नाही म्हणजे काय?” ते म्हणाले. “माणसं उद्या कामावर येणार आहेत. दारं निघणार आहेत. काही तरी तात्पुरतं बसवा.” आणि तिने बसवलं. कुणी तिला ते सांगितलं नव्हतं, ही तिची स्वतःची हुशारी. तक्रारवही घेतली, आणि ज्यांच्या नावापुढे एकही नोंद नव्हती त्यांच्यासाठी एक नवा रकाना केला. तक्रार नाही म्हणजे सहनशक्ती जास्त, म्हणून त्यांची मर्यादा शंभरऐवजी एकशे सत्तर. अशी माणसं निघाली चार. चौघांना रबराच्या तीन-तीन खेपा, बाकीच्या वीसजणांना एकेक. बारा आणि वीस, बत्तीस. जमलं. पुढच्या महिन्यात तक्रारी निम्म्यावर आल्या, साहजिकच, कारण तक्रार करणारे सगळे त्या वीसजणांत होते. बैठकीत तिच्यासाठी टाळ्या वाजल्या. तात्पुरतं म्हणून बसवलेलं ते चौदा महिने चाललं होतं. सतरा नंबर त्या चौघांतला होता.

दुपारी तिने जेवण तसंच ठेवलं आणि अक्काला फोन केला. का केला ते तिला नीट सांगता आलं नसतं. अक्का तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून, म्हणजे सात वर्षं, गावी आईजवळ होती. “काय गं, आवाज का असा?” अक्काने विचारलं. “काही नाही. तू कशी आहेस? पाठ कशी आहे?” “माझं काय व्हायचंय? आई जेवली. तुझं डोकं कसं आहे? उन्हात फिरू नकोस.” तिने फोन ठेवला. आई पडली तेव्हा दोघींनी मिळून काही ठरवलंच नव्हतं. हिची अर्धशिशी होती, नवी नोकरी होती, आणि ही सगळं बोलून दाखवणारी होती. लहानपणापासून हिचं पोट दुखायचं, हिला झोप लागायची नाही, हिला बसमध्ये मळमळायचं. अक्काचं कधी काही दुखलंच नाही. मग आईला पलंगावरून उचलायचं, खुर्चीत बसवायचं, न्हाणीत न्यायचं, सगळं अक्काकडे गेलं. कुणी अन्याय केला असं नाही, पाणी जसं उताराकडे जातं तसं ते गेलं. दोन वर्षांपूर्वी ही सुट्टीला गेली तेव्हा अक्का जमिनीवर पडलेला चमचा उचलायला आधी भिंत धरत होती. “काय झालं?” “काही नाही गं, सवय.” हिने चमचा उचलून दिला होता, आणि चौथ्या दिवशी ठरल्याप्रमाणे परत आली होती. आता तिला वाटलं, तो रकाना मी कारखान्यात काढला नाही. तो मी घरून आणला.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. दुकानातून निघाल्यापासून ती त्या गोष्टीला वळसे घालत होती, पण किती वेळ घालणार? नवं रबर आल्यावर गुण पुन्हा ठरवताना तिने प्रत्येकाला समोर बसवून विचारलं होतं, कुठे दुखतं, किती दुखतं, शून्य ते दहामध्ये सांगा. ज्याला सगळे ‘वकील’ म्हणत तो स्क्रूवाला प्रत्येक सांध्याला आठच्या खाली उतरला नव्हता. डोळ्यांचाही आकडा त्याने न विचारता दिला होता. मौनीबाबा खुर्चीच्या टोकावर बसला आणि दहाही प्रश्नांना म्हणाला, “शून्य.” ती गंमत म्हणून म्हणाली, “केस तरी दुखत असतील?” तो हसलाही होता. त्याच दुपारी ती कॅन्टीनमागच्या नळाकडे डबा धुवायला गेली, तर तो तिथे उभा. तोंड भिंतीकडे, दोन्ही अंगठे पाण्याच्या धारेखाली धरलेले; भिंतीतल्या खिडकीच्या काचेत त्याचे मिटलेले डोळे दिसत होते आणि ओठ हलत होते. एकवीस, बावीस, तेवीस. वेदना उतरायला किती लागतं ते त्याला पाठ होतं. ती पाऊल न वाजवता मागे फिरली. टेबलावर त्याचा, सतरा नंबरचा, कागद होता, पेन होतं. तिने शून्यावर पेनाचं टोक ठेवलं. मग स्वतःला म्हणाली, त्याने जे सांगितलं तेच लिहायचं, आपल्या मनाचं घातलं तर माहितीला अर्थ काय? कागद गठ्ठ्यात गेला. म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी रकाना काढताना, चार नंबर उरले तेव्हा, सतरा म्हणजे कोण हे तिला माहीत होतं. यंत्राला माहीत नव्हतं. तिला होतं.

संध्याकाळी उजेड असतानाच ती पाण्याच्या टाकीसमोरच्या गल्लीत गेली. दोन घरांत विचारलं, तिसऱ्यात विचारावं लागलं नाही. तो खिडकीशी बसलेला दिसला. दार त्याच्या बायकोने उघडलं. बुटकी, ठसठशीत बाई, हाताला साबण लागलेला. “कारखान्यातून?” तिने विचारलं, आणि हो म्हणताच, “मग आत या, चांगल्या वेळी आलात. मी त्यांची दाढीच करत होते. आधी दाढी, मग शर्टाची बटणं, मग भात कालवून चमचा मुठीत द्यायचा. तुम्ही कोण, हिशेबातल्या?” “वेळापत्रक मी करते,” ती म्हणाली. बाई थांबली. हात पुसायला घेतलेलं फडकं तसंच राहिलं. “म्हणजे ते यंत्र तुम्ही?” “हो.” “बरं झालं, मला तोंड तरी दिसलं. मी यांना म्हणायचे, अहो सगळ्यांना एकदा आणि तुम्हालाच तीनदा कसं? जाऊन विचारा. तर म्हणे, यंत्र ठरवतं, यंत्राला काय विचारायचं! बोलेल त्याची बोरं विकतात, हे माझ्या नवऱ्याला कोण सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची हौस.” “अगं, बसू तरी दे त्यांना,” खिडकीतून तो म्हणाला. अर्ध्या गालावर साबण होता.

ती बसली नाही. वाटेने तिने एक वाक्य तयार केलं होतं, ते तिने उभ्यानेच म्हटलं. “काका, यंत्राने नाही ठरवलं. ज्यांची तक्रार नाही त्यांना जास्त द्यायचं, हे मी त्यात घातलं होतं. तुमचे अंगठे माझ्यामुळे गेले.” बोलून झाल्यावर तिला लाज वाटली, कारण क्षणभर तिला हलकं वाटलं होतं. बायको काही तरी बोलणार होती, पण त्याने पट्टा बांधलेला हात वर केला.  “मी तुम्हाला पाहिलं होतं,” तो म्हणाला. “नळापाशी. खिडकीच्या काचेत तुम्ही दिसत होतात, डबा हातात घेऊन. मी डोळे उघडले तेव्हा तुम्ही वळत होतात.”  “मला बरं वाटलं तेव्हा. म्हटलं, आपल्याला सांगता येत नाही, पण बाईंनी बघितलं, आता त्या लिहितील. मग मी रोज सकाळी फळ्यावर वेळापत्रक बघायचो. आज कमी झालं असेल, उद्या होईल.” तो सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत बोलत होता, कमी बोलणारी माणसं बोलतात तसं. “तक्रार लिहायची म्हणजे वही सुपरवायझरच्या टेबलावर. माझ्या आधीच्याने लिहिली, त्याला दुसऱ्या महिन्यात घरी बसवलं. कारण वेगळं होतं म्हणतात. असेलही.” “मला माफ करा असं म्हणायलासुद्धा—” ती म्हणाली. “ते राहू द्या,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग होता, थोडाच, पण होता, आणि तो ऐकून तिला आश्चर्य वाटलं की आपण रागाचीच वाट बघत होतो. “माफीचं मला आत्ता काही सुचत नाही. मला एक सांगा. माझ्या जागी आता कोण आहे?”  तिला माहीत नव्हतं. “तीन खेपा तर कुणी तरी करतच असेल,” तो म्हणाला. बायको फडकं पिळत होती, फडकं कोरडं होतं.

सोमवारी सकाळी पहिल्या फेरीला ती लाइनवर गेली. रबराच्या आठ जागांपैकी पाचव्या जागेवर एक चष्मेवाली बाई होती, चाळिशीची, बदली कामगार. पाच आठवड्यांत तिचं नाव कुणाला पाठ झालं नव्हतं. नव्या माणसाची तक्रार कुठून असणार? वहीत नोंद नाही, म्हणून यंत्राने तिला सरळ त्या रकान्यात टाकलं होतं. बाई अंगठ्याने दाबत नव्हती. तळहाताच्या मनगटाजवळच्या उंचवट्याने दाबत होती, अंगावरचा सगळा भार टाकून, आणि कोपऱ्यापाशी आली की नाइलाजाने अंगठा लावायची, आणि तेव्हा तिचा एक खांदा कानाला टेकायचा. “दुखतं का?” असं बाईला विचारायला ती पुढे झाली आणि थांबली. उत्तर तिला माहीत होतं. बाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, घाबरून, आणि हात आणखी भरभर चालवायला लागली.

ती वर ऑफिसात आली आणि तिने रकाना पुसला. एवढंच करायचं होतं, तीन कळा. सगळ्यांची मर्यादा शंभर. यंत्र चालवलं. उत्तर नाही. दुसरी फेरी सुरू व्हायला वीस मिनिटं होती. तिने तो पडदा होता तसा छापून घेतला, खाली जाऊन फळ्यावरचं वेळापत्रक काढलं आणि त्या जागी हा कागद टाचला. सुपरवायझर धावत आला. “हे काय मॅडम? ‘उत्तर नाही’? अहो, माणसं कुठे उभी करू मी?” “उभी राहू द्या,” ती म्हणाली. “एवढ्या माणसांत एवढी दारं होत नाहीत. कधीच होत नव्हती.” भोंगा झाला, लोक आपापल्या जागा सोडून फळ्यापाशी आले आणि तिथेच राहिले. दारं वाहून नेणारा लाइनचा पट्टा रिकामाच पुढे सरकत होता, मग कुणी तरी तो बंद केला. इतक्या वर्षांत तिने ती इमारत इतकी शांत ऐकली नव्हती. साहेब आले. त्यांच्यामागे आणखी दोघे. “काय चाललंय?” त्यांनी विचारलं, आणि ती त्यांच्याशी बोलायच्या ऐवजी त्या तेवीस-चोवीस चेहऱ्यांकडे वळली.  “ज्यांनी तक्रार केली नाही त्यांना तिप्पट रबर दिलं जात होतं,” ती म्हणाली. “चौदा महिने. ते कुणी सांगितलं म्हणून नाही, मी केलं. मौनी—” तिने त्याचं खरं नाव घेतलं, “त्यांचे अंगठे त्यात गेले.”  मग वकील, ज्याच्या तोंडाला एरवी पट्टा बांधावा लागे, हळूच म्हणाला, “म्हणजे माझं हलकं झालं ते…” आणि त्याने वाक्य पुरं केलं नाही. तो चष्मेवालीकडे बघत होता. चष्मेवालीने दोन्ही हात काखेत घातले होते.

या सगळ्याचं पुढे जे झालं ते मोठं काही नव्हतं. साहेबांनी तिला केबिनमध्ये नेऊन दार लावलं आणि ते आवाज न चढवता म्हणाले, “हे मला एकट्याला सांगता आलं असतं.” “चौदा महिने होते माझ्याकडे,” ती म्हणाली. लाइन एक तास दहा मिनिटं बंद राहिली आणि मग पाऊण वेगाने चालू झाली, रबराला आठऐवजी सहा माणसं; त्या वेगाला यंत्राने उत्तर लगेच दिलं. चौदा महिने खरेदी खात्यात अडकलेली हातचाकं दहाव्या दिवशी आली. तिच्याकडून वेळापत्रक काढून घेतलं आणि तिला गोदामात सामानाच्या याद्यांवर बसवलं. तिथे खिडकी नव्हती, पण तिची तक्रार नव्हती, आणि हे लक्षात येताच तिने तशी तक्रार लिहून दिली. मौनीबाबाचं उजव्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं. कारखान्याने ते कामामुळे झालेलं दुखणं म्हणून मान्य केलं, कारण तिने जुनी सगळी वेळापत्रकं आणि सही केलेला जबाब त्याच्या बायकोच्या हातात दिला होता. बायकोने कागद घेतले, नीट मोजले, आणि “बसा” म्हणाली नाही. डॉक्टर म्हणाले, पेन धरता येईल, रबर नाही. तो तिच्याशी पुन्हा बोलला नाही. पण त्याच्या बाबतीत न बोलण्याचा अर्थ काय लावायचा, हे तिला कळलं नाही, आणि आपल्याला सोयीचा तेवढा अर्थ लावायचा नाही, एवढं तिने स्वतःला बजावलं.

याद्यांच्या कामाला पंधरा दिवस झाल्यावर तिने सुट्टीचा अर्ज दिला, एक महिन्याचा. मग बाहेर येऊन, गोदामाच्या उतारावर उभं राहून, तिने अक्काला फोन लावला. “उद्यापासून महिनाभर आईचं सगळं मी करणार आहे,” ती म्हणाली. “उचलणं, न्हाणं, सगळं. तू हाडाच्या डॉक्टरकडे जायचंस. मी वेळ घेतलीय.” “अगं कशाला?” अक्का हसली. “माझं काही दुखत नाही. तुझं डोकं, तुझी नोकरी…” “दुखतं का, असं मी विचारलंच नाही, अक्का.”  आई काही तरी पुटपुटत होती ते मागून येत होतं, आणि पलंगाची करकर.  मग अक्का म्हणाली, आणि तिचा आवाज इतका निराळा होता की हिला आधी दुसरीच कुणी बोलतेय असं वाटलं: “पहिल्या गाडीने ये. नऊला आईची अंघोळ असते. मला आजच तिला उचलता आलं नाही.”